आमच्या साडूंचा मिक्स गॅस

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राच्या तळाची इतकी काळजी वाहणारा माणूस आमच्या साडूंखेरीज अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा सापडायचा नाही. राहायला पुण्याजवळ रावेतला, नोकरी चाकणला आणि जीव गुंतलेला मालवणच्या समुद्रात, एका खडकाच्या कपारीत. मधे सगळा सह्याद्री आडवा पडलाय, ही गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतली नाही. पवनेच्या पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात, तर साडू गाडीची काच खाली करून नदीकडे मायेने बघत म्हणायचे की पाणी शेवटी समुद्रालाच मिळतं. मी एकदा शहाणपणा करून सांगितलं की पवनेचं पाणी भीमेतून कृष्णेत आणि तिथून पार बंगालच्या उपसागरात जातं, मालवणचा आणि त्याचा काही संबंध नाही. त्यावर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग फोन करून, सगळे समुद्र आतून एकच असतात, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. साडू चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. मोटारींचे सुटे भाग बाहेर पडायच्या आधी ते बरे आहेत की नाहीत हे ठरवायचं काम. कामावर तपासणी करून माणूस घरी येऊन थकावा की नाही? पण छे. आमच्या घरी आले की आधी दाराची बिजागरी कुरकुरते का ते बघणार आणि मग कसे आहात म्हणून विचारणार. लग्नाच्या पंगतीत जिलबीची वेटोळी मोजणार. एकदा त्यांनी ताईने केलेली भाकरी व्हर्नियर लावून मोजली आणि कडेला जाड, मधे पातळ असल्याचं शांतपणे जाहीर केलं. त्या दिवशी त्यांना दुसरी भाकरी मिळाली नाही. स्वतःची चूक मात्र या गृहस्थांनी कधी कबूल केल्याचं कोणाला आठवत नाही. त्यांच्या मते चूक व्हायला आधी तपासणी चुकावी लागते आणि तपासणी करणारे तर तेच.

अशा माणसाला पाण्यात उतरवायचं पाप त्यांच्या कंपनीचं. कंपनीची सहल तारकर्लीला गेली. तिथे तोंडात नळी देऊन, पाठीला टाकी बांधून पाण्याखाली नेऊन आणतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. बाकीचे सुपरवायझर वर आले, अंडाकरी खाऊन झोपले. साडू वर आले ते दुसराच माणूस होऊन. बायकांच्या अंगात येतं असं ऐकलं होतं, क्वालिटीवाल्याच्या अंगात आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या सुट्टीत जाऊन रीतसर शिकले, परीक्षा दिली, आणि त्याच्या पुढच्या दिवाळीला बोनसमधून स्वतःची पिवळीधमक टाकी घेऊन आले. ताईला वाटत होतं, बोनसमधून फ्रीज येणार.

आणि मग भेटला गोबरा. गोबरा म्हणजे मोठ्या जबड्याचा, जाड ओठांचा मासा. तिकडचे लोक त्याचं कालवण करतात, साडू त्याची वाट बघायचे. तो त्या खोल कपारीत राहायचा आणि फक्त तोंड बाहेर काढून, कपाळावर आठी घालून साडूंकडे बघायचा. साडूही कपाळावर आठी घालून त्याच्याकडे बघायचे. मालवणच्या माणसांचं म्हणणं, इतका जुना गोबरा या बाजूला दुसरा नाही. पण तो पूर्ण बाहेर येईपर्यंत यांची वर जायची वेळ व्हायची. दरवर्षी तेच. मी म्हटलं, जाऊ द्या ना साडूसाहेब, मासाच तो, तोंड बघितलंत, पोट भरलं. तर माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "तोंड बघितलंय. शेपूट नाही बघितली. अर्धा माल बघून सही कशी करू?"

इथून मिक्स गॅस आमच्या घराण्यात शिरला. साडूंनी मला तो इतक्या वेळा समजावून सांगितलाय की मी झोपेतही सांगू शकेन. साध्या हवेत नायट्रोजन फार. खोल पाण्यात तो अंगात मुरतो, म्हणून तळाशी फार वेळ थांबता येत नाही. थांबलं तर वर येताना सांधे धरतात, माणूस जायबंदी होतो. त्याच हवेत ऑक्सिजन वाढवून दिला की नायट्रोजन कमी मुरतो आणि तळाशी जास्त वेळ बसता येतं. म्हणजे गोबऱ्याला बाहेर यायला सवड मिळते. गणित एवढंच. फक्त असा गॅस भरून देणारं कोणी जवळपास नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, चाकण-भोसरीत गॅसला काय तोटा? अहो, इथे लोखंड कापायला गॅस, जोडायला गॅस, थंड करायला गॅस, सकाळी रस्त्यावर निघालं तर पुढच्या टेम्पोत बसमधल्या माणसांसारखे सिलिंडर दाटीवाटीने उभे असतात. साडूंनाही असंच वाटलं. पिवळी टाकी घेऊन ते चाकणच्या एका गॅसवाल्याकडे गेले. मालक जुन्या गावातला, पांढऱ्या टोपीचा माणूस. मिक्स गॅस हवा म्हटल्यावर त्याने सराईतपणे विचारलं की वेल्डिंग साध्या लोखंडाचं हाय का स्टीलचं. साडू म्हणाले, वेल्डिंग नाही, मला स्वतःला घ्यायचाय. मालकाने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. म्हणाला, "साहेब, आमच्याकडं लोखंडाचा गॅस मिळतो. माणसाचा न्हाई." मुकाट्याने परत यावं की नाही? पण साडूंनी जाता जाता त्याचे सगळे सिलिंडर तपासले आणि कुठल्या कुठल्या टोप्या ढिल्या आहेत ते दाखवून दिलं. मालकाने चहा पाजला आणि रिटायर झाल्यावर आमच्याकडं या म्हणाला.

काळेवाडीतल्या पंक्चरवाल्याने तर फारच आपुलकी दाखवली. टाकी बघून म्हणाला, भाऊ, साधी हवा कशाला, नायट्रोजन मारून देतो, एकदम थंड राहील. सगळी दुनिया टायरमधे नायट्रोजन भरायला पैसे मोजते आणि आमचे साडू तो काढून घ्यायला, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? ही हकीकत फिरत फिरत सासूबाईंपर्यंत गेली तेव्हा तिचं रूप इतकंच उरलं होतं की थोरल्या जावयाला गॅसचा त्रास आहे आणि तो कसलासा मिक्स आहे. त्यांनी ओवा-सैंधवाची बाटली पाठवली. साडूंनी ती उलटसुलट करून बघितली आणि कधीपर्यंत वापरायची ती तारीख लिहिलेली नाही म्हणून परत पाठवली.

गॅस मिळेना, पण तो मोजायचं यंत्र मात्र त्यांनी आधीच मागवून ठेवलं होतं. हवेत ऑक्सिजन किती ते त्यावर दिसतं. यंत्र पडून राहिलं तर बिघडतं, या सबबीखाली ते सगळीकडे वापरलं जाऊ लागलं. पिंपळे गुरवला आमच्या घरी गणपतीची आरती चालू, शेजारीपाजारी खच्चून भरलेले, कापराचा धूर, आणि घालीन लोटांगणच्या ऐन भरात साडूंनी हात वर करून सांगितलं की ऑक्सिजन कमी होतोय, खिडकी उघडा. कोणी उघडेना तेव्हा त्यांनीच उघडली. वाऱ्याने निरांजन विझलं. आमच्या शेजारच्या काकू अजून त्यांच्याकडे सरळ बघत नाहीत.

टाकीचे लाड तर विचारू नका. फ्लॅटच्या गॅलरीत ऊन लागतं म्हणून ती बेडरूममधे. प्रवासात ती पुढच्या सीटवर, बेल्ट लावून, आणि ताई मागे. तेलाचा तर नुसता धसका. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की भडका उडतो, हे त्यांनी नात्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलेलं होतं. भजी खाऊन झालेल्या पाहुण्याला साबणाने हात धुतल्याशिवाय बेडरूमच्या दिशेने वळायचीसुद्धा मुभा नव्हती. आणि घाटाचं दुखणं वेगळंच. पाण्यातून वर आल्यावर लगेच उंचावर जायचं नसतं, अंगात मुरलेला नायट्रोजन त्रास देतो. समुद्रकाठच्या माणसाला याचं काय! पण आमच्या घरचा रस्ता घाटातूनच. त्यामुळे दर वेळी घाटाच्या पायथ्याशी एका लॉजवर सगळ्यांनी मुक्काम ठोकायचा. एकदा आम्हीही बरोबर होतो. बायकोची रजा संपलेली, समोर घाट दिसतोय, आणि साडू खाटेवर पडून म्हणतायत, निघत नाहीये अजून. काय निघत नाहीये असं विचारणारा मॅनेजर उत्तर ऐकून दोन दिवस आमच्यापासून लांबच राहिला.

ताईने एकदा सगळा खर्च मांडला. पेट्रोल, टोल, लॉज, भराई, बोट. शेवटी निघालं ते असं की साडू पाण्याखाली एकदा श्वास घेतात त्या खर्चात वर एक प्लेट मिसळ येते, तीही जादा पावासकट. साडूंनी तिचा हिशेब तपासला, बरोबर आहे म्हणाले, आणि मिक्स गॅसमुळे लॉजचा मुक्काम थोडा कमी करता येईल का याचा दुसरा हिशेब मांडायला बसले. ताईने मग बोलणं सोडलं. बेडरूममधलं कपाट पुसायची, पलंग पुसायची, टाकीला वळसा घालून जायची. माझ्या बायकोला म्हणायची, सवत असती तरी निदान स्वयंपाकाला हात लावला असता.

आणि एक दिवस साडूंचा उजवा कान दुखायला लागला. आयुष्य कंपनीतल्या प्रेस मशिनींच्या धडधडीत गेलेलं, त्यात हे समुद्राचं ओझं. चिंचवडच्या डॉक्टरांनी कानात बघितलं आणि आजपासून पाण्याखाली जायचं बंद म्हणून सांगितलं. साडूंनी डॉक्टरांच्या यंत्राची कंपनी कोणती ते विचारलं, ते कधी तपासून घेतलं होतं ते विचारलं, पण पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात दम नव्हता. शेवटी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. एकदाच जाईन, परत नाव काढणार नाही. डॉक्टर नाइलाजाने हो म्हणाले. म्हणजे गोबऱ्याची शेपूट बघायची ती आता, नाहीतर कधीच नाही.

योगायोग बघा, त्याच सुमारास मालवणच्या डायव्हिंगवाल्याने फोन केला. हा तिकडचा तरुण माणूस, साडूंनी वर्षभर फोन करकरून त्याचं डोकं खाल्लेलं. त्याने शेवटी गॅस मिसळून द्यायची सोय केली होती. आधी कळवा, ऑक्सिजन आणून ठेवतो म्हणाला. साडूंनी त्या दिवशी आम्हाला घरी बोलावून आइस्क्रीम दिलं. ताईने ते वाढलं, साडूंना जरा जास्तच. कानाचं तिला समजलं होतं.

मधे आली खंडेनवमी. आमच्या या पट्ट्यात खंडेनवमीला जे महत्त्व आहे ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. कंपन्यांतून मशिनी धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारख्या उभ्या असतात. आमचे सासरे काळेवाडीत लेथ चालवायचे. त्यांचा नेम असा की मशिनला आधी तेल, मग हळदकुंकू, आणि मग माणसांना पेढा. सासरे गेले, लेथ विकली गेली, त्यांची तेलाची बुधली तेवढी ताईने मागून घेतली. दर खंडेनवमीला ती शिलाई मशिनला, मिक्सरला, पंख्याला, स्कूटरला, ज्याला म्हणून काही फिरतं आहे त्याला त्या बुधलीतून तेल घालायची, अगदी हळू, वडील घालायचे तसं. टाकी या पूजेत कधी नसायची. त्या वर्षी तिने ती बेडरूममधून बाहेर काढली, पाटावर ठेवली, वरच्या पितळी व्हॉल्व्हमधे बुधलीचं तेल सोडलं, स्वच्छ पुसलं, हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. माझी बायको तिथेच होती. तिनेच मला सांगितलं. तेव्हा आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगितलेलं तेलाचं ज्ञान पूजेच्या दिवशी कोणाला आठवतं?

साडू कंपनीतली पूजा आटोपून घरी आले. लगेच मला फोन. मला वाटलं, आता तोफ डागणार. तर आवाज घोगरा. "अहो, तिने टाकीला माळ घातलीय," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने न तपासता माल पास केला. कुंकू बघितलं, तेल बघितलं नाही.

दिवाळीत आम्ही चौघं निघालो. पुढे साडू आणि टाकी, मागे दोघी बहिणी आणि मधे मी, मुटकुळं होऊन. मालवणला पोचलो तशा बहिणी गुळाचं खाजं घ्यायला बाजारात गेल्या आणि मी साडूंबरोबर डायव्हिंगवाल्याकडे. त्याने टाकी कौतुकाने आडवी केली, व्हॉल्व्हवर बॅटरीचा झोत टाकला, आत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि थांबला.

"ह्येका तेल कोणी लावल्यान?"

साडूंनी वाकून वास घेतला. मीही घेतला. तो वास मला ओळखीचा होता, सासऱ्यांच्या वर्कशॉपमधे शिरलं की तोच यायचा. साडूंचा चेहरा मी बघत होतो. आधी त्यावर काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळं आलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"मी लावलं," ते म्हणाले. "माझीच चूक."

पोरगा भडकला. बरोबरच होतं त्याचं. ह्येच्यात ऑक्सिजन मी भरूचंय नाय, भडको उडतलो, तुमचो नि माझो दोघांचो जीव जायत, असं म्हणत त्याने ऑक्सिजन आणि तेल या विषयावर साडूंचं सगळं व्याख्यान साडूंनाच ऐकवलं. मी मी म्हणणारा आमचा क्वालिटीवाला हात जोडल्यासारखे पुढे घेऊन, शाळेतल्या पोरासारखा मान हलवत ऐकत होता. सगळी टाकी उघडून धुऊन वाळवायला हवी, ते काम काही इथे होण्यासारखं नव्हतं. मिसळायची सोय फक्त यांच्या टाकीपुरती केलेली, दुकानाच्या टाक्यांत साधी हवा. हवी तर ती घ्या, नाहीतर पुढच्या खेपेस या, असं तो म्हणाला. पुढची खेप नव्हती हे त्याला कुठे ठाऊक?

बाहेर आल्यावर साडूंनी टाकीवरची वाळू रुमालाने झाडली. मग म्हणाले, तिला काही सांगायचं नाही. तिने बापाच्या हाताने लावलंय ते. मला भरून आलं, राव. मी म्हटलं की टाकी तर तिला दिसणारच. तर त्यांनी ती रिकामी टाकी खांद्यावर घेतली आणि ताईसमोरून, भरलेली असल्यासारखे कण्हत, पाय ओढत बोटीपर्यंत नेली. इतकं कण्हले की ताई मला म्हणाली, जा, जरा हात द्या त्यांना. दुकानाची साधी टाकी टॉवेलखाली झाकून बोटीत आधीच ठेवलेली होती. ताई खाजं खात किनाऱ्यावर बसली. या माणसाच्या नादात ती पहिल्यांदाच एवढी रमलेली मी बघत होतो.

साध्या हवेचा जेवढा वेळ, तेवढ्या वेळात साडू वर आले. ताई पाण्यात पुढे गेली, साडी भिजली तरी. दिसला का विचारलं.

"दिसला," साडू म्हणाले. "अख्खा."

शेपूट कशी होती, तिने विचारलं. मोजल्याशिवाय एक आकडा न सांगणारा हा माणूस, भाकरीची जाडी सांगायलासुद्धा व्हर्नियर काढणारा. आणि तो सांगायला लागला. पंख्यासारखी गोल होती म्हणाला, कडेला पांढरी किनार, वर तपकिरी ठिपके, वळताना अशी सावकाश हलली की खालची वाळू उठली. ताई टाळी देऊन हसली. म्हणाली, बाबांचं तेल होतं ना, गुण येणारच. साडूंनी मान हलवली. म्हणाले, तेलाचाच गुण.

टाक्या उतरवताना डायव्हिंगवाला पोरगा माझ्या शेजारी होता. तो साडूंबरोबर खाली गेला होता. हलक्या आवाजात मला म्हणाला, "आज तो भायर इलोच नाय."

साडू आता रिटायर झालेत. टाकी त्याच पोराला देऊन टाकली, मोजायचं यंत्रही. आता घरातली कुठलीही बैठक असो, बारसं असो, ताई गोबऱ्याची गोष्ट सांगते. दर वेळी ती शेपूट थोडी मोठी होते, किनार थोडी रुंद होते, मागच्या महिन्यात तर तिच्यावर निळसर झाक आली. साडू कोपऱ्यात बसलेले असतात, डावा कान तिच्याकडे करून. कुठे दुरुस्ती करत नाहीत. डोळे मिटून ऐकतात आणि ती शेपटीपर्यंत आली की थोडे पुढे सरकून बसतात. मला वाटतं, तिचं ऐकता ऐकता त्यांना तो आता खरंच दिसत असावा.